हसू आणि हसे

तुमच्या घरात बारा ते सतरा या वयाचे मूल असेल, तर गेल्या आठवड्यात सारे कुटुंब एकत्र बसून कशावर हसले, हे जरा आठवून पाहा. कदाचित दूरचित्रवाणीवरील एखाद्या कौटुंबिक विनोदी मालिकेवर हसले असेल. कदाचित त्या मुलावरच हसले असेल. त्याच्या नव्याने फुटलेल्या मिशीवर, तिच्या गालावरील मुरुमांवर, त्याच्या अचानक दोन मापांनी वाढलेल्या पावलांवर. दोन्ही वेळा घर आनंदात होते, असेच तुम्हाला वाटले असेल. मराठी भाषा मात्र या दोन हसण्यांत फरक करते. हसू येते, फुटते, आवरत नाही; ते साऱ्यांचे असते. हसे होते, आणि ते नेहमी कुणा एकाचेच होते.

हा फरक मला फार उशिरा कळला. घाटकोपरला आमचे वन रूम किचनचे घर होते. एका रविवारी पाहुणे आले होते, दूरचित्रवाणी सुरूच होती आणि तेरा वर्षांच्या आमच्या मुलाने अगत्याने विचारले, ‘‘काका, चहा घेणार ना?’’ वाक्याची सुरुवात जाड्याभरड्या आवाजात झाली आणि शेवट चिमणीच्या चिवचिवाटात. मी तत्क्षणी त्याची नक्कल केली. नक्कल चांगली साधली असावी, कारण पाहुण्यांना हसता हसता ठसका लागला. मुलगाही हसला. त्याला ते आवडले, असे मी धरून चाललो. त्यानंतर जवळजवळ तीन महिने दाराची घंटा वाजली की तो आत जाई. वन रूम किचनमध्ये ‘आत’ म्हणजे स्वयंपाकघर. तेथे ओट्याशेजारी जमिनीवर पुस्तक घेऊन तो बसून राही. इमारतीच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटुकल्यात काम करणारा हा मुलगा त्या वर्षी पडदे ओढायला उभा राहिला. कारण विचारले तर ‘असंच’ एवढेच उत्तर मिळे.

आपल्या आजीने याला ‘कंठ फुटणे’ म्हटले असते आणि विषय तेथेच संपवला असता. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. नव्या वाद्यावर हात बसेपर्यंत सूर चुकायचेच. हे काही महिने चालते आणि आपोआप थांबते. औषध लागत नाही. लागते ते इतकेच की, त्या काळात मुलाला बोलते राहता यावे. मी नेमके तेच काढून घेतले होते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते. या वयाविषयी डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली एक कल्पना मांडली, ती प्रत्येक आईवडिलांनी समजून घ्यावी अशी आहे. किशोरवयीन मुलाला सतत वाटत असते की, आपल्याभोवती एक प्रेक्षकवर्ग बसलेला आहे आणि तो आपलीच प्रत्येक हालचाल न्याहाळत आहे. हा काल्पनिक प्रेक्षक त्याच्याबरोबर शाळेत जातो, लोकलच्या डब्यात चढतो, आरशासमोर उभा राहतो. पाऊण तास केस विंचरणाऱ्या मुलीला उद्देशून ‘तुझ्याकडे कोण बघतंय?’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्या दृष्टीने उत्तर सरळ असते : सगळेच. अशा मुलाला घरातल्या माणसांनी चारचौघांत हसणे म्हणजे त्याचा तो काल्पनिक प्रेक्षक खरा ठरवणे.

आरोग्याच्या पाक्षिकात विनोदी मालिकांचा विषय कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कारण साधे आहे. कुटुंबात कोणी कोणावर हसायचे, याचे धडे आपण जाणता-अजाणता त्या मालिकांतूनच गिरवत आलो आहोत. काही धडे उत्तम होते. काही आता पुसून टाकावे असे आहेत.

बाप हास्यास्पद, म्हणून घर सुरक्षित

उत्तम धड्यांचा वारसा आपल्याकडे जुना आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका त्यावर आली. चिमणरावांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे. त्या मालिकेचा नायक हा कुटुंबप्रमुख होता आणि फजिती सर्वांत जास्त त्याचीच व्हायची. ज्या काळात पुष्कळ घरांत वडील आले की आवाज बंद होत, त्या काळात एक भित्रा, भाबडा, बढाईखोर गृहस्थ पडद्यावर येऊन वडीलधारेपणाची हवा काढून टाकीत होता, आणि त्यावर सर्वांत मोठ्याने हसत होते ते पडद्यासमोर बसलेले वडीलच.

सुमारे पाव शतकानंतर तेच प्रभावळकर आजोबा होऊन परत आले. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर, म्हणजे पुढच्या झी मराठीवर, चालली. तिचे मूळ प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनात; एका मध्यमवर्गीय कुटुंबातील माणसांच्या रोजनिश्या असे त्याचे रूप. मालिकेत घर पाच माणसांचे : आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शिऱ्या व शलाका ही नातवंडे. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांनी ही माणसे इतकी सहज उभी केली की, पुष्कळ प्रेक्षकांना ती शेजारच्या दारामागेच राहत असावीत असे वाटे.

या घरात मोठे कारस्थान नव्हते. घरात नेहमी घडते तेच घडे : मुलांचे मित्र, त्यांचे खर्च, अभ्यास, एखादा खोटेपणा, बापाचा वाढता रक्तदाब आणि आईची घालमेल. मजा अशी की, या सर्वांत ज्येष्ठ माणूस सर्वांत कमी दचकणारा होता. शेखर चिडतो, श्यामला हळवी होते, मुले उसळतात. आबा मिस्कीलपणे पाहतात, एखादा तिरकस शेरा मारतात आणि मग रोजनिशी उघडतात.

मला ही रोजनिशी त्या मालिकेचा कणा वाटते. आजोबा तिच्यात निकाल लिहीत नाहीत, दिवस लिहितात. काय घडले, कोण कसे वागले, त्यात आपले काय चुकले. नातवाच्या वागण्याने धास्तावलेला बाप आणि तोच प्रसंग रात्री कागदावर उतरवणारा आजोबा यांच्यात अंतर असते ते केवळ काही तासांचे. पण तेवढ्या तासांत प्रसंगाचा आकार बदलतो. संध्याकाळी जो अपराध होता, तो रात्री गंमत होतो किंवा चिंता होतो. पण अपराध राहत नाही. मेंदूच्या दृष्टीनेही यात अर्थ आहे. मेंदूच्या पुढच्या भागाकडे आवेगाला लगाम घालण्याचे काम असते, आणि हा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणजे भांडणाच्या क्षणी घरात लगाम असलेच, तर ते मोठ्यांच्या हाती असतात. सतरा वर्षांच्या मुलाने आधी शांत व्हावे, अशी अपेक्षा पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने धरणे मुळातच अन्यायाचे आहे.

आणि टिपऱ्यांच्या घरी हसे झालेच तर ते कुणाचे? बहुधा शेखरचे, अनेकदा आबांचे स्वतःचे. मुलांवरही विनोद होतात, परंतु ते त्यांनी केलेल्या करामतींवर. त्यांच्या शरीरावर नव्हे. हा भेद बारीक आहे, पण घरात तोच महत्त्वाचा ठरतो. करामत सोडून देता येते, शरीर नाही.

गोरेगावची सोसायटी आणि जाड मुलगा

आता उपनगरांतल्या सर्वांत प्रसिद्ध सोसायटीकडे वळू. ती खरी नाही. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या हिंदी मालिकेतील गोकुळधाम गोरेगाव पूर्वेला आहे, असे कथेत सांगितले जाते; तिचे चित्रीकरणही गोरेगावच्याच चित्रनगरीत होत आले. तारक मेहता यांचे गुजराती स्तंभलेखन हे तिचे मूळ, आणि २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेली ही मालिका अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड अशा कित्येक मराठी आणि गुजराती घरांत ताटे वाढताना सुरू असते. टपूची भूमिका सुरुवातीची आठ-नऊ वर्षे भव्य गांधी या एकाच मुलाने केली. शाळकरी पोरगा दाढी येईपर्यंत वाढताना साऱ्या देशाने पाहिला. त्याचा कंठही आपल्या सर्वांसमोरच फुटला.

या मालिकेत एक गंमत मला फार मोलाची वाटते. जेठालाल टपूवर ओरडतो, आणि तेवढ्यात चंपकलाल येऊन जेठालाललाच खडसावतात. नातवासमोर मुलाची कानउघाडणी! शिस्तीच्या पुस्तकांत हे बसणार नाही. आजी-आजोबांनी नातवंडांसमोर आईवडिलांचा अधिकार मोडू नये, असेच कोणीही सांगेल, आणि ते बरोबरही आहे. पण टपूला त्यातून एक गोष्ट कळते : आपला बापही कुणाचा तरी मुलगा आहे, तोही चुकतो आणि चुकल्यावर कान धरतो. ज्या घरात मोठी माणसे कधीच चुकत नाहीत, त्या घरात मुले चुका सांगत नाहीत, लपवतात.

त्याच सोसायटीत डॉक्टर हाथी यांचा मुलगा गोलीही राहतो. गोली जाड आहे आणि खातो. पुष्कळदा त्याच्या वाट्याचा विनोद एवढ्यावरच उभा असतो. आपण हसतो, आणि त्याच वेळी ताटावर बसलेली आपली चौदा वर्षांची मुलगी तिसरी पोळी घ्यावी की नाही, हे ठरवत असते. वाढत्या वयातल्या मुलांना वजनावरून चिडवणे आणि त्यांनी पुढे जेवण टाळणे, चोरून अति खाणे, स्वतःच्या शरीराचा तिटकारा करणे यांचा संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली आपल्या सदस्य डॉक्टरांना स्पष्ट सल्ला दिला : घरात मुलांच्या वजनाविषयी बोलणे आणि चिडवणे थांबवायला सांगा, ‘डाएट’ला उत्तेजन देऊ नका, कुटुंबाने एकत्र जेवावे यावर भर द्या. वजन कमी व्हावे म्हणूनच आपण टोमणा मारतो, हे समर्थन टिकत नाही; टोमण्याने वजन उतरत नाही, जेवणाचा आनंद तेवढा उतरतो. मुलाचे वजन खरोखर चिंतेचे असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे जावे आणि साऱ्या घराचे ताट बदलावे. एकट्या मुलाचे नव्हे.

जुन्या आवडत्या मालिका आज पुन्हा पाहताना असे खडे दाताखाली येतात. १९९५ साली झी टीव्हीवर आलेल्या ‘हम पाँच’मध्ये अशोक सराफ पाच मुलींचे बेजार वडील होते. मुलींपुढे हतबल झालेला बाप पाहून आपण पोट धरून हसलो, आणि ते हसणे निरोगी होते. पण त्याच पाच जणींतील राधिकेला कमी ऐकू येते आणि ती भलतेच ऐकते, हाही तेथे विनोदच होता. श्रवणयंत्र लावणारी एखादी मुलगी तेव्हा कोणत्या घरात, कोणाच्या शेजारी बसून तो भाग पाहत असेल, असा विचार निदान माझ्या मनाला तेव्हा शिवला नाही.

कुंभकर्ण कोण?

शरीरावरचे काही विनोद आपण विनोद म्हणून ओळखतही नाही. झोपेचेच पाहा. दहावी-अकरावीच्या मुलाला ‘कुंभकर्ण’ हे नाव मिळाले नाही, असे घर विरळा. वस्तुस्थिती अशी की, किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहा वाजता अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. १३ ते १८ या वयात झोप मात्र रोज आठ ते दहा तास हवी असते. आता उपनगरातील मुलाचा दिवस मांडा. सकाळी सातची शाळा किंवा कॉलेज, त्यानंतर क्लास, रात्री नऊला परत, जेवण, गृहपाठ. त्यातच बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी सुरू, आणि त्याच खोलीत त्याची गादी घालायची. मालिका संपल्याशिवाय त्याला झोपता येत नाही आणि पहाटे उठला नाही, तर तो आळशी! येथे नावे ठेवण्यापेक्षा साडेदहाला दूरचित्रवाणी बंद करणे अधिक उपयोगाचे. फोनही त्याच वेळी बंद व्हावेत, मोठ्यांचे आधी.

एका सोफ्यावर, शेजारी शेजारी

एवढे वाचून मालिका बंदच कराव्यात, असे कुणी ठरवू नये. माझे म्हणणे उलट आहे. पूर्वी घरात एकच पडदा असे आणि कोणते चॅनल लावायचे यावरून भांडणे होत. आता वडील बोरिवली लोकलमध्ये फोनवर काहीतरी पाहतात, आई स्वयंपाकघरात, मुलगी कानात इअरफोन घालून पलंगावर. भांडण मिटले, आणि त्याबरोबर शेजारी बसणेही गेले.

शेजारी बसण्याचा एक फायदा समुपदेशकांना चांगला ठाऊक असतो : किशोरवयीन मुले समोरासमोर बोलत नाहीत, पण दोघांचेही डोळे तिसरीकडे असले की बोलतात. रिक्षात, भांडी पुसताना, पडद्याकडे पाहताना. ‘तुला कोणी त्रास देतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. पण ‘या सखीने आईला हे सांगायला हवं होतं, नाही का?’ या प्रश्नावर मात्र पाच मिनिटे वाद घालता येतो, आणि त्या वादात मुलगी स्वतःविषयी बरेच काही सांगून जाते.

हे सखीचे नाव मी ‘वागळे की दुनिया’मधून घेतले. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची, कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेली मूळ मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत सोनी सबवर ती नव्या पिढीसह परतली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे मूळचे वागळे दांपत्य आता आजी-आजोबा, त्यांचा मुलगा राजेश झाला सुमीत राघवन. त्याची पत्नी वंदना आणि सखी व अथर्व ही मुले. काटकसरीत वाढलेला मुलगा बाप झाल्यावर त्याला मुलांच्या मागण्या उधळपट्टी वाटतात, आणि तो बोलू लागला की आपल्याच वडिलांचे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतात. चाळिशीतल्या वाचकांनी ही मालिका मुलांबरोबर जरूर पाहावी. आपल्या मुलाला आपण कसे दिसतो, हे राजेशकडे पाहून कळते. हे पाहणे फारसे सुखाचे नसते.

पाहताना एवढेच करा. मध्ये थांबवून बोध सांगू नका; ‘बघ, शिक काहीतरी’ हे वाक्य तर गिळूनच टाका. शरीरावरचा, रंगावरचा किंवा व्यंगावरचा विनोद आला आणि तुम्हाला हसू आले नाही, तर न हसता बसा. मुलांचे लक्ष पडद्याइतकेच तुमच्या चेहऱ्याकडे असते.

काही वेळा मुलाचे गप्प होणे हा केवळ संकोच नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली, मित्र तुटले, आवडत्या गोष्टींतला रस गेला, अभ्यास अचानक घसरला, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे थट्टेत आले तरी ते खरे धरावे आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि मराठीतून बोलता येते.

आमच्या घरी सुदैवाने एवढ्यावर गेले नाही. पत्नीने एके रात्री मला स्पष्ट शब्दांत समज दिली. दुसऱ्या दिवशी मी मुलाची माफी मागितली. ती फार वाईट मागितली, कारण सवय नव्हती. तो ‘बरं’ म्हणाला आणि आत गेला. पुढे कित्येक आठवडे काही बदलले नाही. पाहुणे आले की मी माझ्याच फजितीच्या गोष्टी सांगू लागलो : चुकीच्या फलाटावर उभा राहून सोडलेली गाडी, सोसायटीच्या सभेत दुसऱ्याच ठरावाला दिलेले अनुमोदन. पहिल्या काही वेळा स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही. मग एकदा, मी सभेची गोष्ट सांगत असताना, दारातून जाड आवाजात दुरुस्ती आली : ‘‘बाबा, ते तसं नाही म्हणालात तुम्ही. असं म्हणालात.’’ आणि त्याने माझी नक्कल केली. चष्मा कपाळावर चढवणे, घसा खाकरणे, ‘मुद्दा असा आहे की’ हे तीनदा म्हणणे, सारे काही.

नक्कल चांगली साधली होती. पाहुण्यांना ठसका लागला. तो मग बाहेरच बसला, चहा होईपर्यंत.